दगडातले पाणी

दिवाळीची साफसफाई ही गृहिणीची मोहीम असते आणि त्या मोहिमेत घरातल्या पुरुषाला युद्धकैद्याइतकाच मान असतो. 'हे ठेवायचे की टाकायचे?' एवढे विचारण्यापुरते त्याला बोलावतात, आणि उत्तरही आधीच ठरलेले असते. आमच्याकडे मात्र एका वस्तूबद्दल हा प्रश्न गेल्या कित्येक वर्षांत कोणी विचारलेला नाही. वसुबारसेच्या आदल्या दिवशी माझ्या पुस्तकांच्या कपाटावरून एक दगड खाली उतरतो, ओल्या फडक्याने पुसला जातो आणि 'हे तुमचे रत्न!' असे म्हणून पुन्हा वर चढतो.

यंदा तो वर चढण्यापूर्वीच माझ्या आठ वर्षांच्या नातीच्या हाती लागला. तिने तो खिडकीतल्या उन्हात धरला. नारळाएवढा काळा खडक. त्याच्या पोटात फिकट हिरव्या, काचेसारख्या चौकोनी कांड्या आणि त्यांच्या बुडाशी पिकलेल्या पेरूच्या गरासारख्या गुलबट रंगाच्या, भाताच्या पेंढ्यांसारख्या मधे आवळलेल्या जुड्या.

"आजोबा, हा हिरा आहे?"

"नाही गं."

"मग खोटा हिरा?"

मी जरा दचकलोच. जगातल्या सगळ्या चकाकणाऱ्या वस्तूंची तिने दोनच खणांत वाटणी करून टाकली होती. तिला म्हटले, "हा खोटा कुणीच नाही. हा खराच आहे, पण दुसरा कुणीतरी आहे." तिचे समाधान झाले नाही. माझेही एके काळी झाले नव्हते. तो दुसरा कुणीतरी कोण, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. आणि तो घरात कसा राहिला, हे कळायला त्याहून जास्त.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते करून सांगता येत नाही. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमचे गाव आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेकडे येता येता तो हात आखडता घेतो. आम्ही त्या आखडत्या हाताखालचे. त्या वर्षी तर त्याने मूठच मिटली. आई सरकारी कामावर खडी फोडायला जाई. आम्हा पोरांना सुकडी मिळे. आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोसायटीचे कर्ज काढून विहीर धरली.

जागा पाणाड्याने दाखवली. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ बांधाजवळच्या एका बाभळीपाशी ताडकन उभा राहिला, तो मी या डोळ्यांनी पाहिला. पहिले दोन परस माती आणि मुरूम निघाला. मग काळा पाषाण लागला. पहारेचा आवाज बदलला, मजुरी वाढली, अण्णांचे बोलणे कमी झाले. पाचव्या परसाला खडकाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले. खणणारे गडी त्याला मांजऱ्या म्हणत. त्यांच्यातला म्हातारा चिमूटभर तंबाखू मळत म्हणाला, "मालक, ह्या दगडाला डोळं लई, पण पाणी न्हाई."

तरीही सुरुंग लावले. एके दुपारी बार उडाला तो नेहमीसारखा घुमला नाही. मडके फुटावे तसा वाजला. धूर निवळल्यावर गडी खाली उतरले आणि एकदम ओरडले. मला वाटले, पाणी लागले! अण्णा धावत काठाशी गेले. खाली खडकात रांजणाएवढी पोकळी उघडी पडली होती आणि तिच्यात भर दुपारी चांदणे पडल्यासारखे झाले होते. सगळ्या बाजूंनी स्फटिकच स्फटिक. पाण्याचा एक थेंब नव्हता.

संध्याकाळपर्यंत अर्धे गाव लोटले. कोणी म्हणाले हिरे. कोणी म्हणाले मीठ, आणि चाटूनही पाहिले. मास्तर म्हणाले गारगोटी. आजीने कोणालाच न विचारता एका खड्याला हळदकुंकू वाहिले. अण्णा मात्र मातीच्या ढिगावर बसून होते. त्यांनी एकदाच गड्यांना विचारले, "बाजूनं ओल दिसती का?" नाही म्हटल्यावर ते पुन्हा त्या चांदण्याकडे वळले नाहीत.

आठ दिवसांनी एक गृहस्थ जीप घेऊन आले. असले खडे घेत फिरणे हाच त्यांचा व्यवसाय होता. सगळा माल पाहून त्यांनी साठ रुपये कबूल केले आणि दुसऱ्या दिवशी न्यायला येतो म्हणाले. त्या रात्री मी पोकळीतला मधला, सर्वांत देखणा तुकडा उचलला आणि गोठ्यात कडब्याखाली लपवला. का लपवला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सकाळी त्यांनी नेमका तोच विचारला. अण्णा म्हणाले, "मला ठाऊक नाही." त्यांनी चाळीस रुपये मोजले आणि जीप गेली. वीस रुपये म्हणजे आईने उन्हात फोडलेल्या खडीचे कितीतरी दिवस होते. पुढच्याच महिन्यात आम्ही धाकटा बैल विकला. दावणीची ती रिकामी जागा आणि कडब्याखालचा दगड यांच्यामधून मी रोज ये-जा करीत होतो.

पुढे पुण्याला कॉलेजात गेलो आणि भूशास्त्र हा विषय घेतला. दगड ट्रंकेतून बरोबर नेला होता. एके दिवशी धीर करून तो प्राध्यापकांपुढे ठेवला आणि विचारले, "सर, याचे नाव काय?"

ते म्हणाले, "नाव शेवटी. आधी त्याचा स्वभाव विचार."

दगडाला स्वभाव विचारण्याच्या युक्त्या मोठ्या घरगुती असतात. जर्मन शास्त्रज्ञ मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. तळाला शंखजिरे, शेंड्याला हिरा. नखाची पायरी अडीचच्या आसपास, तांब्याच्या पैशाची तीनच्या जरा वर आणि चाकूची साडेपाचच्या जवळ. माझ्या हिरव्या कांडीवर नखाचा ओरखडा उठेना, पैशाचाही उठेना. चाकूचा मात्र उठला. म्हणजे चार आणि साडेपाचच्या मधला कुणीतरी. गारगोटी सातवर असते, तिच्यावर चाकूचे काही चालत नाही. मास्तर चुकले होते. मग आम्लाचा थेंब टाकला. बुडबुडे उठले नाहीत, म्हणजे चुनखडीच्या कुळातला कॅल्साइटही नव्हे. हलकेच टिचकी मारताच कांडीचा माथा सपाट चकतीसारखा सुटून आला आणि त्या सपाटीवर मोत्यासारखी झाक उमटली. या झाकेवरूनच युरोपात या खनिजाला पूर्वी 'माशाच्या डोळ्याचा दगड' अशा अर्थाचे नाव होते. आपल्याकडे कोणी बारसे केले असते तर नक्कीच मीनाक्षी ठेवले असते!

१८०६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ हॉय यांनी त्याला अपोफिलाइट हे नाव दिले. ग्रीक शब्दांचा अर्थ 'पाने सुटणारा'. तापवला की तो पापुद्र्या-पापुद्र्यांनी उलगडतो. बुडाशी असलेल्या गुलबट पेंढ्या स्टिलबाइटच्या. ते झिओलाइट कुळातले. या कुळाचे नाव क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये ठेवले. अर्थ 'उकळणारा दगड', कारण फुंकनळीच्या ज्योतीत धरल्यावर तो दगड दुधासारखा फसफसला.

गंमत अशी की अपोफिलाइट झिओलाइटांच्या घरात जन्मतो, त्यांच्या मांडीला मांडी लावून वाढतो, पण त्यांच्या गोत्रात त्याला घेत नाहीत. झिओलाइटांत ॲल्युमिनियम असते, याच्यात नसते. त्यांच्यातले अणू मचाणासारखे चहूबाजूंनी बांधलेले, याच्यातले पानांच्या थरासारखे एकावर एक ठेवलेले. पाणी दोघांच्याही पोटात असते. ते तापवून काढले तर झिओलाइटचे मचाण बहुधा उभे राहते आणि पुढे पाणी मिळाले की ते पुन्हा पिऊन घेते. अपोफिलाइटची मात्र पाने सुटतात. ती परत मिटत नाहीत. हे ऐकताना मला भूशास्त्र आठवत नव्हते. दुष्काळात मुंबईला गेलेली आमच्या गावातली घरे आठवत होती. काही पाऊस येताच परतली. काहींची पाने जी सुटली ती सुटलीच.

"आणि पाणी किती असते म्हणालात, सर?"

"याच्यात? वजनाच्या सोळा टक्के."

शंभर तोळे दगडात सोळा तोळे पाणी! ज्या विहिरीला पाणी लागले नाही म्हणून आमचा बैल गेला, तिच्यातून हे निघाले होते. मी वहीत आकडा लिहिला आणि त्याच्याखाली कितीतरी वेळ रेघा ओढीत बसलो.

हे दगडात शिरले कसे? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून शिलारस वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज उरलेलेही त्याचे क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरांच्या घरात आहे. भाकरी तव्यावर फुगावी तसे त्या रसात वायूचे बुडबुडे अडकले. रस थिजला, पोकळ्या राहिल्या, आणि मग खडकातून झिरपणाऱ्या कोमट, क्षारयुक्त पाण्याने त्या पोकळ्या कणाकणाने भरत आणल्या. पाणी शेवटी निघून गेले, पण जाताना थोडे स्फटिकांत बांधून ठेवून गेले. ते म्हातारे गडी खरेच बोलले होते. असे बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात; विहिरीला पाणी यायचे तर खडकाला भेगा हव्यात, नुसते डोळे असून भागत नाही.

नावांचा संसारही माणसांसारखाच. १८३१ मध्ये ब्रुक या इंग्रज शास्त्रज्ञाने पुण्याकडच्या एका सुईदार खनिजाला 'पूनाहलाइट' म्हटले. एका दगडाला आपल्या पुण्याचे नाव! पण पुढे तपासणीत दिसले की हा काही नवा नव्हे, आधीच माहीत असलेल्या सुईदार झिओलाइटांपैकीच आहे. नाव यादीतून गेले. दगड आहे तिथेच आहे. अपोफिलाइटचेही १९७८ मध्ये दोन भाग झाले. ज्याच्यात फ्लोरिन जास्त तो फ्लोरअपोफिलाइट, दुसरा हायड्रॉक्सिअपोफिलाइट. दगडाला यातले काहीच ठाऊक नसते, हा त्याचा मोठेपणा.

पुण्याने गमावलेला मान मात्र पुढे व्याजासकट परत मिळाला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सापडलेल्या एका निळ्या खनिजाची शास्त्रीय नोंद १९७३ मध्ये झाली. त्याच्या घटकांच्या, म्हणजे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या, आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले कॅव्हन्साइट. तिथे ते अगदी थोडे. पण त्याच दशकात ते पुण्याजवळ वाघोलीच्या खडीच्या खाणीत दिसले, आणि १९८८-८९ च्या सुमारास तिथे असे घबाड लागले की जगातल्या संग्रहालयांनी वाघोलीचे नाव पाठ केले. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा कितीतरी वेळ बोललोच नाही. पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेले बोराएवढे, सुयांचे गोल झुबके, आणि रंग असा की मोराने मान वळवावी. कठीणपणा तीन ते चार, म्हणजे चाकू सोडाच, खिळ्यानेही चरा पडेल. अंगठीत बसवायला निरुपयोगी; आणि पोटात पाणी इथेही सोळाच टक्के! त्याचा एक जुळा भाऊ आहे, पेंटागोनाइट. घटक तेच, प्रमाण तेच, रंगही जवळपास तोच. फक्त आत अणूंची कडी निराळ्या तऱ्हेने गुंफलेली. तेवढ्यावरून शास्त्र त्यांना दोन वेगळी खनिजे मानते. दोन भाऊ एकाच घरात, एकाच अन्नावर वाढून निराळे निघतात, तसेच.

आणि सर्वांत नवल म्हणजे ज्या व्हॅनेडियमने वाघोलीचे निळे केले, त्याच्याच अंशाने पुण्याच्या परिसरातला अपोफिलाइट हिरवा होतो. माझ्या कडब्याखालच्या दगडाचे हे दूरचे श्रीमंत नातलग निघाले.

तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. १९८९ च्या दिवाळीला अण्णा आमच्याकडे आले. त्यांना घेऊन लेण्याद्रीला गेलो. सगळ्या पायऱ्या ते न थांबता चढले. गिरिजात्मजाचे दर्शन झाल्यावर सगळे लोक दरीकडे पाहत होते. अण्णा भिंतीवरून हात फिरवत होते. "हा मांजऱ्याच की रे," ते म्हणाले. मग त्यांना कोरीव टाके दिसले. जुन्नरच्या लेण्यांतल्या प्राकृत शिलालेखांत अशा टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. कोणी लेणे दान देई, कोणी पोढी. अण्णा काठाशी बराच वेळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "ह्यांनी दगडात पाणी शोधलं नाही बघ. दगड कोरला आणि वरचं पाणी धरलं."

दुपारी मी शाळेची किल्ली घेतली आणि त्यांना प्रयोगशाळेत नेले. सुटी असल्यामुळे शाळेत चिमण्यांखेरीज कोणी नव्हते. हिरव्या कांडीचा गव्हाएवढा कपचा परीक्षानळीत टाकला आणि नळी दिव्यावर आडवी धरली. कपचा पांढरा पडला, त्याचे पापुद्रे सुटले आणि नळीच्या थंड भागात काचेवर आतून दव धरले. बघता बघता त्याचे थेंब झाले.

"अण्णा, हे आपल्या विहिरीचे पाणी. शंभर तोळ्यांत सोळा तोळे असते."

त्यांनी चष्मा सारखा करून नळी डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाले, "सोळा तोळे? आणि बैल पितो का ते?"

मी हसलो, आणि हसता हसताच माझा धीर सुटला. सतरा वर्षे घशाशी अडकलेले सगळे बाहेर आले. कडबा, तो मधला तुकडा, वीस रुपये, बैल. अण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते नळीतले थेंब पाहत होते.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "सकाळी वैरण काढायला गेलो तेव्हाच हाताला लागला होता."

"मग त्या गृहस्थांना दिला का नाही?"

"एवढं खणलं. घरात काही तरी राहायला नको का?"

त्यानंतर आम्ही दोघांनीही तो विषय कधी काढला नाही. अण्णा जाऊनही आता बरीच वर्षे झाली. घोड नदीवर डिंभ्याचे धरण झाले. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले ते जुने गावच त्या पाण्याखाली गेले. कचेऱ्या घोडेगावात आहेत आणि नाव मात्र आंबेगावचे चालते आहे. पूनाहलाइटचे नेमके उलटे! धरणाचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे आले, आणि आमच्या त्या कोरड्या विहिरीलाही कालव्याच्या पाझराने आता फाल्गुनापर्यंत पाणी असते. पाचव्या परसाची ती पोकळी पाण्याखाली आहे. मी गावी गेलो की काठाशी उभा राहतो. वरून काहीच दिसत नाही.

हे सगळे मी नातीला सांगितले नाही. तिला एवढा वेळ नव्हता. अंगणात तिचा शिवनेरी अर्धा झाला होता. चिखलाचे बुरूज वर आले होते, अळिवाचे हिरवे कोंब फुटले होते, मावळे पहाऱ्याला उभे होते. तटाच्या आत गंगा-जमुना टाक्यांसाठी तिने दोन खळगे केले होते. टाक्याच्या जागी फुटक्या आरशाचा तुकडा ठेवायचा, ही सगळ्या महाराष्ट्रातल्या मुलांची जुनी रीत. पण आमच्या घरात यंदा एकही आरसा फुटलेला नव्हता. ती थोडा वेळ विचार करीत उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, "आजोबा, तो दुसरा कुणीतरी दगड द्या ना. त्याच्यात पाणी दिसतं."

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी दगड नातीच्या हातात दिला. रात्री तिने त्याच्याजवळ पणती ठेवली, तेव्हा हिरव्या कांड्यांच्या सपाट माथ्यांवर मोत्याची ती झाक उमटली, आणि शिवनेरीच्या टाक्यात खरोखरच पाणी हलल्यासारखे वाटले.